‘६४-बिट आहे ना, मग रॅमला मर्यादा कसली?’

‘प्रोसेसर ६४-बिट आहे, व्हर्च्युअल मशीनला हवी तेवढी रॅम दे.’ संगणक शिकणाऱ्या मुलांच्या तोंडून हे वाक्य सतत ऐकू येतं. त्यांना ते कुणी ना कुणी शिकवलेलं असतं, म्हणून त्रास जास्त होतो.

६४-बिट हे वर्णन प्रोसेसर एका दमात केवढ्या आकड्यावर काम करतो त्याचं आहे. रॅममधल्या बाइटचा पत्ता किती बिटांत लिहायचा, ही बाब निराळी. आजच्या इंटेल-एएमडी रचनेत या फिजिकल पत्त्याची कमाल रुंदी ५२ बिट आहे आणि बाजारातले बहुतेक प्रोसेसर तेवढीही देत नाहीत. इंटेल कोअरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरला ३६ बिट मिळतात, म्हणजे ६४ जीबी. चौथ्या पिढीपासून डेस्कटॉपवर सहसा ३९ बिट, म्हणजे ५१२ जीबी. एएमडीच्या एपिक ७७४२ ला ४८ बिट, म्हणजे २५६ टीबी. सातबाऱ्यावर गट क्रमांकाचा रकाना तीनच आकड्यांचा असेल, तर शिवारात जमीन कितीही असो, हजारावा गट नोंदवता येणार नाही. इथेही तसंच.

‘पण ६४ जीबी रॅम आहे कुणाकडे?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. साखरखेर्ड्यासारख्या गावात शिकणाऱ्या मुलाच्या हाती येतो तो बहुधा कुठल्यातरी कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप, कोअर आय ५, दुसरी किंवा तिसरी पिढी. त्यात जास्तीत जास्त ३२ जीबी रॅम बसते. मग ६४ जीबीची मर्यादा आडवी येईलच कशी? येते. हिशेब करून पाहा.

लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणारे केव्हीएम आणि क्यूईएमयू आहेत, मशीनचा प्रकार क्यू ३५, प्रोसेसर होस्टचाच, म्हणजे खऱ्या संगणकाचाच, जसाच्या तसा दिलेला, आणि गेस्टला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनला, ३२ जीबी. ही रॅम पत्त्यांच्या ओळीत सलग बसत नाही. पहिले २ जीबी खाली बसतात, ४ जीबीपर्यंतची उरलेली जागा उपकरणांसाठी सुटते आणि बाकीचे ३० जीबी ४ जीबीच्या वर चढतात. रॅम संपते ३४ जीबीच्या पत्त्यावर. त्याच्यावर क्यूईएमयू पीसीआय उपकरणांसाठी आणखी ३२ जीबी पत्ते राखून ठेवतो. बेरीज ६६. मर्यादा ६४. मशीन सुरूच होत नाही आणि पडद्यावर ‘फिज-बिट्स टू लो (३६)’ असा संदेश येतो. तो न वाचता मुलं रॅमच्या पट्ट्या काढून पुसत बसतात! पट्टीचा यात काडीचाही दोष नाही. तीच मशीन ३० जीबीवर सुरू होते, कारण तेव्हा बेरीज बरोबर ६४ येते. ही तपासणी क्यूईएमयूमध्ये २०२२ च्या ७.१ आवृत्तीपासून आहे आणि ती आली हे फार चांगलं झालं.

मोठ्या यंत्रांवर याच गैरसमजाची दुसरी बाजू दिसते. पुण्याच्या सी-डॅकमधला महासंगणक ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० च्या टॉप ५०० यादीत ६३ वा होता. त्याच्या ४२ नोडमध्ये प्रत्येकी दोन एपिक ७७४२ आणि १ टीबी रॅम. अशा ताकदीच्या सर्व्हरवर कुणी १ टीबीची व्हर्च्युअल मशीन मागितली आणि प्रोसेसर म्हणून क्यूईएमयूच्या यादीतलं ठरावीक मॉडेल निवडलं, तर ती नाकारली जाईल. होस्टची मर्यादा २५६ टीबी असली तरी ठरावीक मॉडेलमध्ये गेस्टला आपोआप ४० बिटच मिळतात, म्हणजे नेमके १ टीबी, आणि वरचा हिशेब त्यात मावत नाही. होस्टचे बिट गेस्टला द्यायला वेगळं सांगावं लागतं.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. ‘३२-बिट म्हणजे ४ जीबीच’: १९९५ च्या पेंटियम प्रोमध्येच ३६ बिटांचे पत्ते होते. ‘स्वॅप वाढवला की भागेल’: स्वॅपने साठवण वाढते, पत्त्याची रुंदी नाही. ‘प्रोसेसरच्या माहितीत ४८ बिट्स व्हर्च्युअल लिहिलंय, तीच व्हर्च्युअल मशीनची मर्यादा’: नाही, तो आकडा प्रोग्रामला दिसणाऱ्या पत्त्यांचा आहे. ‘प्रोसेसरची मर्यादा कायमची’: एपिक ७७४२ वर मेमरी एन्क्रिप्शन चालू केलं की ४८ चे ४३ बिट उरतात.

तेव्हा गेस्टला रॅम देण्याआधी होस्टवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा चालवा आणि ‘ॲड्रेस साइझेस’ या ओळीतला ‘फिजिकल’चा आकडा वाचा. तिथे ३६ दिसले, तर क्यू ३५ मशीनला ३० जीबीच्या वर जाऊ नका. जायचंच असेल तर पीसीआयसाठी राखलेली जागा आधी कमी करा.