सत्तर टक्क्यांचं इंधन

कल्पाक्कमच्या अणुभट्टीबद्दल वाचायला लागलो तेव्हा माझं लक्ष भट्टीकडे होतं. नंतर तिच्या इंधनाचे आडवे छेद दाखवणारी सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं पाहण्यात आली आणि भट्टी मागे पडली. नाण्याहूनही लहान अशा त्या गोल चकत्यांमधल्या भेगांत एका संशोधक पिढीची कारकीर्द वाचता येते.

सुरुवातीचा भाग सर्वांना ठाऊक आहे. १९६९ साली फ्रान्सशी करार झाला आणि त्यांच्या 'राप्सोदी' भट्टीच्या धर्तीवर 'फास्ट ब्रीडर टेस्ट रिअ‍ॅक्टर' म्हणजे एफबीटीआर आखला गेला. १९७४ साली पोखरणची अणुचाचणी झाली आणि फ्रान्सकडून मिळायचं समृद्ध युरेनियम आलं नाही. त्या नकारातूनच नवं इंधन जन्मलं, असं नेहमी सांगितलं जातं. मला ही मांडणी अपुरी वाटते. नकाराने एक वाट बंद झाली, एवढंच. दुसरी वाट धरण्याचं बळ ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात आधीपासून जमत होतं. तिथल्या 'पूर्णिमा' या छोट्या भट्टीत प्लुटोनियम ऑक्साइडच्या पिना, म्हणजे इंधनाच्या बारीक सळ्या, १८ मे १९७२ रोजी, पोखरणच्या बरोबर दोन वर्षं आधी, कामाला लागल्या होत्या. प्लुटोनियम हाताळणारी माणसं तयार होती.

समृद्ध युरेनियम नाही म्हटल्यावर छोट्याशा गाभ्यात साखळी प्रक्रिया टिकवायची, तर प्लुटोनियमचं प्रमाण खूप वाढवावं लागतं. पण इतक्या प्लुटोनियमच्या ऑक्साइडचं शीतक म्हणून खेळणाऱ्या सोडियमशी जमत नाही, शिवाय ऑक्साइडमधून उष्णता सावकाश वाहते. कार्बाइड या दोन्ही बाबतींत सरस. म्हणून ठरलं: ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड, ३० टक्के युरेनियम कार्बाइड. भट्टीचं मुख्य इंधन म्हणून असं मिश्रण जगात कुणी वापरलेलं नव्हतं.

ते बनवलं ट्रॉम्बेच्या रेडिओमेटलर्जी विभागाने. पी. आर. रॉय आणि चैतन्यमय गांगुली ही त्यातली ठळक नावं. दोन्ही ऑक्साइडं ग्रॅफाइटबरोबर दळायची, निर्वातात तापवून कार्बाइड करायचं, पुन्हा दळून दाबायचं आणि भाजायचं. कार्बाइडची बारीक पूड हवा लागताच पेट घेऊ शकते, त्यामुळे सगळं काम निष्क्रिय वायूने भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, जाड रबरी हातमोज्यांतून. जेमतेम चार मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या ५.१ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळीत भरायच्या आणि अशा ६१ पिनांची एक सबअसेंब्ली. १८ ऑक्टोबर १९८५ रोजी भट्टी क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया आपली आपण टिकू लागली.

खरी गोष्ट इथून पुढची. हे इंधन किती सोसेल याचा अनुभव कुठेच नव्हता, म्हणून मर्यादा मुद्दाम आखडती ठेवली: पिनेच्या दर सेंटीमीटरला २५० वॅट आणि बर्नअप, म्हणजे इंधनाच्या टनामागे मिळणारी ऊर्जा, २५,००० मेगावॅट-दिवस. त्यापुढची प्रत्येक पायरी हॉट सेलमधून मिळवायची होती. भट्टीतून काढलेली सबअसेंब्ली आर्गॉन भरलेल्या, जाड काँक्रीट भिंतींच्या खोलीत न्यायची आणि शिसं मिसळलेल्या काचेतून बघत यांत्रिक हातांनी उघडायची. पिनांचं न्यूट्रॉन-चित्रण करायला या खोल्यांच्या खालीच १९९६ साली 'कामिनी' ही ३० किलोवॅटची भट्टी चालू झाली. तिचं इंधन युरेनियम-२३३, म्हणजे थोरियमपासून मिळवलेलं.

कार्बाइड फुगतं, ऑक्साइडहून जास्त. फुगून नळी फाडेल, ही धास्ती होती. म्हणून गोळीत मुद्दाम सूक्ष्म छिद्रं राखली होती आणि गोळी व नळी यांच्यात थोडी फट होती. पहिल्या तपासणीत, २५,००० वर, केंद्राकडून कडेला धावणाऱ्या भेगा दिसल्या आणि फट शिल्लक होती. पुढे फट मिटत गेली. १,००,००० पर्यंत भेगांचं वळण बदललं, त्या कडेला समांतर धावू लागल्या. याचा अर्थ गोळी नळीला टेकली होती आणि नळी तिला आवरत होती. नळी फाटली नव्हती, फुगवटा छिद्रांनी पोटात घेतला होता. हे डोळ्यांनी पाहिल्यावरच मर्यादा वाढत गेली आणि १,५५,००० पर्यंत पोचली.

तिथे आड आलं ते नळीचं पोलाद. वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्याच्या आत सूक्ष्म पोकळ्या होतात, ते फुगतं, त्याची लवचिकता ओसरते. कल्पाक्कमचे धातुशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं पोलादाच्याच मागे का होते, ते इथे कळतं. १,५५,००० हा आकडा भाषणांत येतो. तो छेद घेणाऱ्या हातांनी कमावला आहे, आणि त्यांची नावं कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

जळालेलं हे कार्बाइड कल्पाक्कममध्येच 'कोरल' या छोट्या प्रकल्पात विरघळवलं गेलं आणि त्यातलं प्लुटोनियम परत याच भट्टीच्या इंधनात आलं. भट्टीने ४० मेगावॅट ही मूळ आखणीतली क्षमता गाठली ती मात्र मार्च २०२२ मध्ये.

शेजारच्या ५०० मेगावॅटच्या प्रोटोटाइप भट्टीसाठी ऑक्साइड निवडलं गेलं. मला तो निर्णय योग्य वाटतो: जगभरचा अनुभव ऑक्साइडचा होता आणि कार्बाइड मोठ्या प्रमाणावर बनवणं जिकिरीचं. पण त्या ऑक्साइडच्या ३७ पिनांची परीक्षा झाली ती एफबीटीआरमध्येच, कार्बाइडच्या शेजारी बसून. १,१२,००० पर्यंत जळाल्यावर त्या पिनाही त्याच हॉट सेलमध्ये कापायला गेल्या.