निवेदनसंहिता, यंत्रसहायक आणि भुईगावची बोली
निवेदनसंहिता हे श्राव्य गद्य होय. बोलीचा नाद हा तिचा आधार असतो. वसईतील भुईगाव परिसराची सामवेदी अथवा कादोडी बोली प्रामुख्याने मौखिक परंपरेत टिकून आहे. या बोलीतील निवेदनासाठी यंत्रसहायक घडविताना हाच पेच उद्भवतो. ओपनएआयने नोव्हेंबर २०२३ मध्ये चॅटजीपीटीत असा स्वतंत्र सहायक घडविण्याची सोय दिली. तथापि, तेथे मूळ भाषाप्रारूप बदलत नाही. सूचना व नमुने तेवढे जोडले जातात. लिखित मजकुरावर पोसलेले प्रारूप साहजिकच प्रमाण मराठीकडे झुकते. म्हणून वृद्ध भाषकांचे कथन त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून, ते शब्दशः उतरवून नमुना म्हणून पुरवावे लागते. तयार संहिताही त्यांनाच ऐकवून, खटकलेले प्रयोग सूचनांत नोंदविणे अगत्याचे ठरते.