दिव्यांग विद्यार्थी आणि वसतिगृह : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिव्यांग विद्यार्थ्याला महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तरी त्याचे शिक्षण पुष्कळदा वसतिगृहाच्या पायरीशी अडते. वर्गात दिवसाचे पाच-सहा तास जातात. उरलेला दिवस आणि सगळी रात्र खोली, न्हाणीघर, मेस आणि जिना यांतच जाते. गावाहून शिकायला आलेल्या मुलामुलींना राहण्याची जागा वापरता आली नाही, तर मिळालेला प्रवेशही हातचा जातो. भारतात या बाबतीतला मुख्य आधार म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरलेले आहेत. तरीही वसतिगृहांबाबत काही चुकीच्या समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज १ : वेगळी सोय करून देणे ही संस्थेची मेहरबानी असते.

वस्तुस्थिती : दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क बजावता यावेत म्हणून केलेल्या आवश्यक आणि योग्य बदलांना कायदा ‘वाजवी सोय’ मानतो. अशी सोय नाकारणे हा कायद्याच्या व्याख्येनुसारच भेदभाव आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या आणि भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या दिव्यांग हक्क करारातही उच्च शिक्षणासाठी वाजवी सोय देण्याचे बंधन आहे. डिसेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणातील राखीव जागांबरोबरच संस्थांच्या इमारती आणि सुविधा दिव्यांगांना वापरता येण्याचा मुद्दाही विचारात घेतला. वसतिगृहातल्या प्रत्येकाला वापरता येईल असे न्हाणीघर मिळतेच. दिव्यांग विद्यार्थ्यालाही तेवढेच हवे असते. इतरांच्या वाट्याचे काही त्यात जात नाही.

गैरसमज २ : प्रमाणपत्रावर ४० टक्के नसतील, तर काहीच मागता येत नाही.

वस्तुस्थिती : येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि कमाल वयात ५ वर्षांची सवलत मिळते. या दोन्हींसाठी ४० टक्के किंवा अधिक, म्हणजे ‘लक्षणीय’ दिव्यांगत्व लागते. वाजवी सोयीला मात्र ही अट नाही. लिहिताना हाताचे स्नायू आखडणाऱ्या एका परीक्षार्थीने लेखनिक मागितला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हा फरक स्पष्ट केला : लक्षणीय दिव्यांगत्व नाही एवढ्याच कारणाने वाजवी सोय नाकारता येणार नाही. प्रकरण परीक्षेचे असले तरी तत्त्व सर्वत्र तेच आहे.

गैरसमज ३ : दारात रॅम्प बांधला की काम झाले.

वस्तुस्थिती : आधी तो रॅम्प चढता यायला हवा. मानकांनुसार त्याचा उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नसावा. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची, तिच्यासाठी ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, शिवाय कठडा. पायऱ्यांवर टाकलेली दोन मीटरची फळी हा रॅम्प नव्हे. तिच्यावरून व्हीलचेअर एकट्याने चढवता येत नाही, आणि उतरताना ती घसरण्याची भीती असते.

खरी परीक्षा पुढे, न्हाणीघरात. व्हीलचेअर आत जाण्यासाठी दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. नेहमीचे अडीच फुटी दार साधारण ७६ सेंटिमीटरचे, आणि त्यातही चौकट जागा खाते. आत खुर्ची वळवायला १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दार आत उघडणारे असेल आणि विद्यार्थी दाराशीच पडला, तर बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. म्हणून ते बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. कमोडशेजारी धरायला दांडी, बसून हात पोहोचेल अशा उंचीवर नळ आणि कडी, न घसरणारी फरशी आणि नसलेला उंबरा, या सगळ्यांचा मेळ बसला तरच आंघोळ कोणाच्या मदतीवाचून होते. सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीवजा राहू नयेत, ती बंधनकारक हवीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात बजावले आहे.

गैरसमज ४ : चालता-फिरता येणाऱ्याला वेगळी सोय कशाला?

वस्तुस्थिती : पुष्कळ दिव्यांगत्वे डोळ्यांना दिसत नाहीत. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल आजार कायद्याच्या यादीत आहे. थंडी, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. चौथ्या मजल्यावरची खोली, तळाशी असलेले पिण्याचे पाणी आणि हिवाळ्यात गार पाण्याची आंघोळ त्याला थेट रुग्णालयात पोहोचवू शकतात. हिमोफिलियाच्या विद्यार्थ्याला रक्त गोठवणारे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायला फ्रिज लागतो. कर्णबधिर विद्यार्थ्याला आगीचा भोंगा ऐकू येत नाही. त्याला लुकलुकणारा दिवा किंवा उशीखाली थरथरणारा गजर हवा. अंध विद्यार्थ्याला बहुधा मोठा बदल लागत नाही. सुरुवातीला कोणी परिसर ओळखीचा करून द्यावा, आणि मार्गिकेत बादल्या, चपला, दुचाकी पसरलेल्या नसाव्यात. स्वमग्न विद्यार्थ्याला गोंगाटापासून दूरची खोली किंवा कमी सोबती उपयोगी पडतात. म्हणून सर्व दिव्यांगांना तळमजला हे उत्तर पुरेसे नाही. सोय त्या विद्यार्थ्याला विचारूनच ठरवावी लागते.

गैरसमज ५ : दिव्यांगांसाठी वेगळी इमारत बरी, नाहीतर पालकांनी सोबत राहावे.

वस्तुस्थिती : कायद्याची दिशा समाजात मिसळून राहण्याची आहे. परीक्षेआधीची रात्रीची चर्चा, मेसमधल्या गप्पा, एकमेकांच्या वह्या हेही वसतिगृहातले शिक्षणच. वेगळ्या इमारतीत ते तुटते. मित्रांच्या खोलीपर्यंत आणि मेसपर्यंत वाट नसेल, तर स्वतःची खोली उत्तम असूनही विद्यार्थी एकटा पडतो. काहींना उठणे-बसणे, कपडे घालणे यांसाठी रोज माणूस लागतो. अशा वेळी मदतनीसाला राहू देणे ही वाजवी सोय ठरू शकते. मात्र ही गरज सर्वांवर लादता येत नाही.

गैरसमज ६ : खर्च परवडत नाही म्हटले की संस्थेची जबाबदारी संपते.

वस्तुस्थिती : ‘अवाजवी भार’ पडत असेल तर संस्थेला सोय नाकारता येते, हे खरे. पण तो भार त्या विशिष्ट प्रकरणात तपासावा लागतो. खोली बदलून देणे, कॉटची जागा हलवणे, दांडी बसवणे, उंबरा काढणे, फ्रिज ठेवू देणे यांना फार पैसा लागत नाही. लिफ्ट महाग असते. ती होईपर्यंत खालच्या मजल्यावर खोली देता येते.

गैरसमज ७ : खासगी महाविद्यालयांना हे लागू नाही.

वस्तुस्थिती : शिक्षणासाठी वापरली जाणारी खासगी इमारतही कायद्याच्या ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत येते. नव्या बांधकामाचा आराखडा सुगम्यतेच्या नियमांना धरून नसेल, तर परवानगी देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी जून २०१७ मध्ये नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. घरगुती पेइंग गेस्टची व्यवस्था मात्र शिक्षणसंस्था नव्हे. संस्थेची जबाबदारी त्या घरमालकावर टाकता येत नाही, म्हणूनच संस्थेच्या वसतिगृहाचे मोल अधिक.

गैरसमज ८ : रेक्टरने नाही म्हटले की विषय संपला.

वस्तुस्थिती : तोंडी नकार हा शेवट नसतो. खोल्यांचे वाटप होण्याआधीच लेखी अर्ज द्यावा. त्यात आजाराच्या नावापेक्षा अडचण आणि उपाय नेमके लिहावेत : ‘कुबड्यांवर जिना चढता येत नाही, तळमजल्यावर कमोड असलेल्या न्हाणीघराजवळची खोली हवी’. सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. संस्थेत दाद लागली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. आयुक्तांनी शिफारस केल्यावर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांच्या आत केलेली कारवाई कळवायची असते, आणि शिफारस मान्य नसेल तर तिची कारणे त्याच मुदतीत द्यायची असतात.