तरोट्याचें बीं आणि गजकर्ण

अकोल्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं तेल्हाऱ्याकडे पहिला पाऊस पडून गेला कीं शेतांच्या धुऱ्यांवर तरोटा माजतो. कोंवळ्या पाल्याची भाजी होते. पुढें शेंगा धरल्यावर त्याच्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. इतरत्र याला टाकळा म्हणतात. संस्कृतांत मात्र 'दद्रुघ्न', म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असें त्याचें एक नांव आहे. हें बीं लिंबाच्या रसांत किंवा आंबट ताकांत वाटून गजकर्णावर लावण्याची चाल जुनीच.

गजकर्ण हा रक्तांतील दोष नव्हे. कातडीच्या वरच्या थरांतील केराटिन या द्रव्यावर जगणारी ती एक बुरशी आहे. तिला मारक असें तरोट्यांत काय आहे, हें आचार्य व चॅटर्जी या संशोधकांनीं १९७५ सालीं दाखविलें; त्या द्रव्याचें नांव क्रायसोफॅनिक ॲसिड अँथ्रोन.

मौज अशी कीं रसायनशास्त्राला ही वस्तु नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकांत मुंबईस 'गोवा पावडर' नांवाची पिवळट भुकटी गजकर्णावर मिळत असे. ती मूळची गोव्याची नव्हेच. ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडांतून काढलेली ही भुकटी पोर्तुगीजांच्या मार्फत गोव्यास येई. १८७८ सालीं लीबरमान व सायडलर यांनीं तींतील क्रायसरोबिनचें स्वरूप उलगडलें. त्याचा मुख्य घटक आणि तरोट्यांतील अँथ्रोन हीं एकच होत. समुद्रापलीकडून विकत येणारें औषध धुऱ्यावर फुकट उगवत होतें!

परंतु हें द्रव्य मोठें नाजूक. हवेंतील प्राणवायु लागला कीं तें पालटतें. म्हणून १९७५ च्या प्रयोगांत बुरशीच्या पोषक द्रवांत 'क' जीवनसत्त्व मिसळलेलें होतें. लिंबाच्या रसांतही तेंच असतें. तेवढ्यावरून जुनी कृति सिद्ध झाली असें मानणें मात्र घाईचें होईल. नळींतील बुरशी मरणें निराळें आणि मांडीवरील मरणें निराळें. शिवाय क्रायसरोबिन कातडीस झोंबतें, कपड्यांवर डाग पाडतें आणि डोळ्यांत गेल्यास भयंकर दाह करतें.

अलीकडे तर रोगच चिवट झाला आहे. टर्बिनाफिन या नेहमींच्या औषधास पुष्कळदां दाद न देणाऱ्या बुरशीला २०२० सालीं 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असें नांव मिळालें. दुकानांतून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमानें खाज थांबते, पण बुरशी आंतल्या आंत पसरते. डागाच्या कडेचा कोंडा खरवडून पोटॅशच्या द्रावणांत घालून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तर तिचे तंतु सहसा स्पष्ट दिसतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे ही तपासणी कांहीं मिनिटांत होते.