‘सर्व प्रकारचे लेखन करून मिळेल’ ही पाटी उतरवा

आपल्या समाजातील अनेक शिकलेली मुले-मुली आज फ्रीलान्स लेखन करतात. कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सांभाळून वेबसाइटसाठी मजकूर लिहितो, कुणी यूट्यूब चॅनेलला स्क्रिप्ट देते, कुणी इंग्रजीतून मराठी अनुवाद करते. यांच्या फेसबुक किंवा लिंक्डइनच्या पानावर बहुधा एकच ओळ सापडते: ‘सर्व प्रकारचे लेखन व अनुवाद करून मिळेल.’ काम सुटू नये म्हणून लिहिलेली ही ओळच त्यांचे दर पाडते.

साधा हिशेब करा. समजा, एका लेखाचे ८०० रुपये मिळतात. आज होम लोन, उद्या केसगळती, परवा सोयाबीनवरील कीड असे विषय आले तर प्रत्येक वेळी वाचन शून्यापासून सुरू होते. सहा तास वाचन, दोन तास लेखन; म्हणजे तासाला १०० रुपये. तेच लेख एकाच विषयावरचे असतील तर चौथ्या-पाचव्या लेखापर्यंत वाचन दोन तासांवर येते. दर एक पैसाही वाढला नाही तरी तासाची कमाई दुप्पट होते. आणि एवढे वाचन झालेल्या माणसाला दर वाढवून मागता येतो, कारण त्याने लिहिलेले पुन्हा तपासावे लागत नाही. कंपनीचा संपादक खरे तर त्याच निश्चिंतपणाचे पैसे मोजतो. शिवाय चॅटजीपीटीसारखी साधने आल्यापासून ‘कशावरही ५०० शब्द’ या मालाला भावच उरलेला नाही.

मग विषय कोणता निवडायचा? ‘आवडेल तो’ हे उत्तर अपुरे आहे. तुमच्यापाशी आधीच जे ज्ञान आहे, मग ते शिक्षणातून, नोकरीतून किंवा जगण्यातून आलेले असो, त्यातून निवडा. नर्सिंग झालेल्या मुलीने रुग्णांसाठी सोप्या मराठीतील माहितीपत्रके लिहावीत. वकिली शिकलेल्याने करारनाम्यांचा अनुवाद करावा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर स्वतः अर्ज भरून, त्रुटी काढून, पुन्हा भरून ज्याची पाच वर्षे गेली, त्याला सरकारी योजना समजावून सांगता येतात. त्या पुस्तिका काढणाऱ्या संस्थांना असा माणूस हवाच असतो.

एक उदाहरण जरा सविस्तर घेऊ. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेणी पर्यटनाच्या मजकुरात ‘पांडवलेणी’ म्हणून येतात आणि बरोबर पांडवांची दंतकथा हमखास येते. हे लिहिणारा प्रत्येक जण खोडसाळ असतो असे नाही. त्याला काल कोकणातील बीच होते, आज लेणी आहेत, उद्या मिसळ आहे. तो समोर दिसले ते उचलतो. उलट ज्याने हाच विषय धरला आहे त्याला ठाऊक असते, की तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे आणि ते लेणे भिक्खुसंघाला दिल्याची नोंद त्यात आहे; दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाचे लेख आहेत; कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने उभारल्याचे तिथलाच लेख सांगतो. असा लेखक दंतकथेवर चिडून बसत नाही, दात्याचे नाव लिहितो. पर्यटन कंपनीला अचूक मजकूर मिळतो, लेखकाला बरा दर मिळतो आणि सहलीला आलेल्या शाळकरी मुलांपर्यंत आपला इतिहास पोहोचतो. बाहेरच्यांनी आपल्याबद्दल चुकीचे लिहिले अशी तक्रार आपण नेहमी करतो. तो मजकूर लिहिण्याचे कंत्राट कुणीतरी घेतलेले असते, हे मात्र विसरतो.

येथे एक इशारा द्यायला हवा. विषय आकसणे वेगळे आणि कुणी आपल्याला कोपऱ्यात बसवणे वेगळे. आपल्या लेखकाची आठवण १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरलाच येते, अर्थसंकल्पावर लिहायला मात्र दुसरा कुणी असतो, हा अनुभव जुना आहे. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला, हे लक्षात असू द्या. बँकिंग तुम्हाला येत असेल तर खुशाल बँकिंग हेच क्षेत्र धरा. बौद्ध लेखकाने बौद्ध विषयच घ्यावा असा दंडक नाही.

मात्र ज्ञान पक्के असले की जात आड येत नाही, असेही समजू नका. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि तो बंद पडला. आजही आडनाव वाचून कामाचा मेल थंडावल्याचे आपली मुले सांगतात. म्हणून विषय एक ठेवा, पण गिऱ्हाईके चार-पाच ठेवा, आणि ती वेगवेगळ्या शहरांतली असू द्या. एकाने तोंड फिरवले तर महिना कोरडा जाता कामा नये.

क्षेत्र ठरवताना काय लिहायचे नाही, तेही ठरते. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात तथागतांनी उपासकासाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्रे, सजीव प्राणी, मांस, मद्य आणि विष. लेखकाला यातून आपली यादी करता येते. दारूच्या ब्रँडचा प्रचार, सट्टेबाजीच्या अ‍ॅपची जाहिरात, चमत्काराने रोग बरा करणारी औषधे यांचे पैसे लवकर मिळतात हे खरे. (आणि हो, साप्ताहिक राशिभविष्य! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात बसून ते लिहिणारी मंडळी आहेत.) सम्यक आजीविका म्हणजे केवळ कष्टाची कमाई नव्हे, हे आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतोच.

समाजातील संस्थांबद्दलही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. स्मरणिका, जयंतीचे पत्रक, विहाराचा अहवाल ही कामे ‘समाजाचे काम आहे, मानधन कसले?’ म्हणून फुकट मागितली जातात. दान जरूर द्यावे, पण ते दान आहे असे दोघांनाही कळले पाहिजे. महिन्यातले किती दिवस दानाचे हे आधी ठरवा आणि उरलेल्या दिवसांचा दर सांगा. मंडपवाल्याला पैसे देणाऱ्या समितीने लेखकालाही द्यावेत.

विषय निवडल्यावर त्यासाठी पैसे देऊ शकतील अशा दहा कंपन्यांची, प्रकाशनांची किंवा संस्थांची नावे कागदावर लिहा. दहा नावे सुचली नाहीत तर तो छंद आहे. दुसरा विषय पाहा. सुचली तर त्या विषयावरचे तीन नमुने स्वतःच लिहून तयार ठेवा आणि पानावरची ओळ बदला: ‘महाराष्ट्रातील लेण्यांवर पर्यटकांसाठी माहितीफलक, पुस्तिका आणि ऑडिओ गाइडचा मराठी मजकूर’. एवढ्या नेमक्या ओळीमुळे पहिले काही महिने विचारणा कमी होईल, त्याची तयारी ठेवा. घरभाडे थांबत नाही, म्हणून जुनी कामे एकदम टाकू नका. वेळेवर पैसे देणारे एखादे काम नव्या क्षेत्रात दोन-तीन गिऱ्हाईके पक्की होईपर्यंत चालू द्या. राशिभविष्य मात्र या आठवड्यातच सोडा.