लिनक्स संगणकाच्या पडद्यावर रंग विटलेले का दिसतात?

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात डही हे तालुक्याचे गाव आहे. पवार घराण्याच्या धार आणि देवास या संस्थानांमुळे हा मुलूख मराठी माणसाला अनोळखी नाही. याच जिल्ह्यातील बाग या गावाने लाकडी ठशांच्या छपाईला आपले नाव दिले. ‘बाग प्रिंट’ या कापडाला जीआय मानांकन लाभले असून त्याची ओळख मुख्यतः तीन रंगांवर उभी आहे. पांढरी जमीन, तुरटीच्या साहाय्याने उतरणारा लाल आणि हिराकसामुळे येणारा काळा, हे ते तीन रंग.

असे एखादे कापड छायाचित्राच्या रूपाने गोव्यातील व्यापाऱ्याच्या संगणकावर येते आणि तेथे लाल गुलाबीकडे झुकलेला, काळा राखाडी व पांढरा मळकट दिसतो. व्यापारी तेच छायाचित्र आपल्या पडद्यावर ठीक दिसेपर्यंत गडद करतो आणि जाहिरातीसाठी पाठवून देतो. छापून आलेली जाहिरात मात्र डोळ्यांत खुपण्याइतकी भडक निघते. दोष छायाचित्रात नव्हता, पडद्याकडे जाणाऱ्या संदेशात होता. दुरुस्ती भलत्याच ठिकाणी झाल्याने चांगले छायाचित्रही बिघडले.

विंडोज १० या प्रणालीला मिळणारे मोफत सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्यांचे संगणक नव्या विंडोजसाठी अपुरे ठरतात, त्यांना लिनक्स हा विनामूल्य पर्याय उपलब्ध आहे. नवी प्रणाली बसवल्यावर रंग फिके दिसू लागले की पडदा निकामी झाला, असा समज सहज होतो. नवा मॉनिटर विकत घेण्यापूर्वी पुढील कारणे तपासून पाहणे हिताचे ठरते.

संगणक आणि पडदा यांतील गैरसमज

पडद्यावरील प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांचा बनलेला असतो. प्रत्येक घटकाची तीव्रता संगणक ० ते २५५ या आकड्यांत मोजतो. तिन्ही घटक ० असले की काळा आणि तिन्ही २५५ असले की पांढरा. दूरचित्रवाणीची परंपरा वेगळी आहे. अंकीय चित्रसंकेतांचे नियम १९८२ मध्ये ठरले, तेव्हा संकेतातील चढउतारांना वाव राहावा म्हणून काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ हे आकडे नेमून देण्यात आले. पहिल्या प्रकाराला ‘फुल’ आणि दुसऱ्याला ‘लिमिटेड’ पल्ला म्हणतात.

एचडीएमआय जोडणी मुळात दूरचित्रवाणी संचासाठी घडलेली असल्याने तिच्यात हे दोन्ही पल्ले नांदतात. १९२० बाय १०८० हे आकारमान संगणकाच्या मॉनिटरचे आहे, तसेच टीव्हीचेही आहे. त्यामुळे संगणकातील चित्रनियंत्रक प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, समोर टीव्ही आहे असे गृहीत धरून काळ्यासाठी १६ पाठवतो. मॉनिटर मात्र ० म्हणजेच काळा असे मानतो, त्यामुळे १६ त्याला राखाडी वाटतो. २३५ हाही त्याच्या लेखी पूर्ण पांढरा नसतो. परिणामी सगळे चित्र धुक्याआडून पाहिल्यासारखे दिसते. याउलट, मर्यादित पल्ल्याची अपेक्षा करणाऱ्या टीव्हीला पूर्ण पल्ला पाठवला, तर गडद भागातील बारकावे काळ्यात बुडून जातात.

निदान कसे करावे?

दोष नेमका कोठे आहे हे दोन सोप्या चाचण्यांनी कळते. पहिली चाचणी स्क्रीनशॉटची. पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाइलवर पाहावा. तेथे रंग योग्य दिसले, तर छायाचित्र निर्दोष आहे आणि बिघाड त्यापुढच्या टप्प्यात, म्हणजे रंगाची प्रोफाइल, केबलमधून जाणारा संकेत किंवा मॉनिटर यांत आहे.

दुसरी चाचणी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूची. मॉनिटरचे बटण दाबल्यावर येणारा मेनू मॉनिटर स्वतः रेखाटतो, तो संगणकातून येत नाही. पडदाभर काळे चित्र लावून हा मेनू उघडावा. मेनूतील काळा रंग चित्रातील काळ्यापेक्षा अधिक गडद दिसला, तर पल्ल्याचा गैरसमज हेच कारण असण्याची दाट शक्यता असते. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा नीट आणि एचडीएमआयने जोडलेला बाहेरचा पडदा फिका, हीही त्याचीच खूण.

उपाय

प्रथम मॉनिटरच्या मेनूत ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ असा पर्याय आहे का ते पाहावे. तो पाठवलेल्या पल्ल्याशी जुळवला की अनेकदा तेथेच काम होते.

तसे न झाल्यास संगणकाकडे वळावे. इंटेलची चित्रप्रणाली असलेल्या संगणकावर, जुन्या एक्स पद्धतीच्या सत्रात, एक्सरँडर ही आज्ञा उपयोगी पडते. ती ‘प्रॉप’ या पर्यायासह चालवली की प्रत्येक जोडणीचे गुणधर्म दिसतात. त्यांतील ‘ब्रॉडकास्ट आरजीबी’ या गुणधर्माचे मूल्य ‘ऑटोमॅटिक’ असते, ते ‘फुल’ करावे. हा बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही, म्हणून ती आज्ञा सत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांच्या यादीत घालावी. एन्व्हिडियाची प्रणाली असल्यास तिच्या सेटिंग्जच्या खिडकीत ‘कलर रेंज’ हा पर्याय सापडतो. वेलँड या नव्या पद्धतीच्या सत्रात एक्सरँडरने हा गुणधर्म बदलता येत नाही. तेथे केडीई प्लाझ्मा वापरणाऱ्यांना डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये आरजीबी पल्ला निवडता येतो, मात्र चित्रप्रणालीने तशी मुभा दिलेली असावी लागते.

पल्ला ठीक असूनही रंग विटलेलेच राहिले, तर रंगाची प्रोफाइल तपासावी. पडद्याने दिलेल्या माहितीवरून लिनक्स कधी कधी स्वतःच अशी प्रोफाइल तयार करते. मॉनिटरने पुरवलेली माहितीच चुकीची असेल, तर प्रोफाइलही चुकते. सेटिंग्जमधील ‘कलर’ विभागात ती बंद करून पाहिल्यास फरक लगेच कळतो. एचडीआर सुविधा सुरू असल्यास तीही बंद करून पाहावी. साध्या मॉनिटरवर एचडीआर सुरू ठेवले की नेहमीची चित्रे बऱ्याचदा फिकी दिसतात.

सेटिंग्जच्या पलीकडचे

काही पडद्यांची मर्यादा त्यांच्या घडणीतच असते. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख आढळतो. असा पडदा आंतरजालावर प्रमाण मानल्या गेलेल्या एसआरजीबी रंगपल्ल्यातील सगळे रंग दाखवूच शकत नाही. लाल त्यात विशेष मार खातो. रंगांची तीव्रता कृत्रिमरीत्या वाढवून चित्र उठावदार भासते, पण मूळ रंग हाती येत नाही.

ज्यांचा व्यवसायच रंगांवर चालतो त्यांनी, म्हणजे कापडविक्रेते, छापखाने आणि छायाचित्रकार यांनी, रंगमापक उपकरणाने पडदा मोजून घेणे उत्तम. त्यासाठी लागणारी आर्गिल आणि डिस्प्लेकॅल ही साधने लिनक्सवर विनामूल्य मिळतात. उपकरण नसल्यास बाग प्रिंटचा एक तुकडा दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरावा. त्यातील काळा, पांढरा आणि लाल पडद्यावरील छायाचित्राशी बऱ्यापैकी जुळेपर्यंत त्या छायाचित्राच्या रंगांना हात लावू नये.