‘आयएमपी’च्या यादीवर किती भिस्त ठेवावी?

फेब्रुवारी उजाडला की सोलापूरजवळच्या कुंभारीत संध्याकाळचे चित्र ठरलेले असते. रे नगरातल्या घरात आई विड्या वळत असते आणि त्याच खोलीत बारावीचा मुलगा जुन्या प्रश्नपत्रिकांवर खुणा करत असतो. ‘हे गणित दोनदा आलंय, म्हणजे यंदा नक्की!’ मोबाइलवर ‘आयएमपी’ प्रश्नांची यादीही फिरत असते.

हा अंदाज कितपत खरा? अर्धा खरा. राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेच्या गणिताच्या लेखी परीक्षेचा साचा ठरलेला आहे. ८० गुण, ३ तास. पहिल्या २० गुणांना पर्याय नाही. पुढे २ गुणांचे १२ पैकी ८, ३ गुणांचे १२ पैकी ८ आणि ४ गुणांचे ८ पैकी ५ प्रश्न सोडवायचे. म्हणजे ८० गुणांसाठी एकूण ११२ गुणांचे प्रश्न समोर येतात. मॅट्रिक्स, एलपीपी, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन यांवर प्रश्न येणार, हेही सांगता येते. पण नेमके कोणते गणित येईल, हे सांगता येत नाही. साचा ओळखीचा, आकडे आणि मांडणी मात्र नवी.

साचा माहीत असणे मनालाही बरे असते. लंडनच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ४५ जणांवर एक प्रयोग केला. विजेचा सौम्य झटका बसणारच हे माहीत असताना जेवढा ताण आला, त्यापेक्षा जास्त ताण ‘बसेल की नाही’ अशा अवस्थेत आला. अनिश्चितता शरीराला जड जाते. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका पाहणे योग्यच.

घोटाळा होतो तो उत्तरे पाठ करून निम्मे धडे सोडण्यात. पाठ केलेले गणित थोडे बदलून आले की मुलगा गडबडतो. छाती धडधडते, तळहात घामेजतात. ताणात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक आठवण्याच्या कामात अडथळा आणते आणि येत असलेलेही सुचेनासे होते. सीईटीत तर गणिताचे ५० प्रश्न असतात आणि त्यात ‘इतक्यांपैकी इतके’ अशी निवड नसते.

मग करायचे काय? वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घ्यावी. अमेरिकेतल्या २००६ च्या एका अभ्यासात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्यानंतर स्वतःची चाचणी घेतलेल्यांच्या जास्त लक्षात राहिले. वही मिटून, घड्याळ लावून आख्खी प्रश्नपत्रिका सोडवावी. एकाच धड्याची वीस गणिते सलग करण्याऐवजी वेगवेगळ्या धड्यांची मिसळून करावीत. त्यामुळे कोणत्या गणिताला कोणती रीत लावायची, हे ओळखण्याचा सराव होतो आणि परीक्षेत तेच लागते.

झोप मात्र कापू नये. दिवसा शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो. या वयाला आठ तास झोप हवी, जागरणाचा चहा नको.

घरच्यांनीही लक्ष ठेवावे. मुलाची भूक मेली, आठवडाभर झोप उडाली, ‘मला जगायचंच नाही’ असे शब्द तोंडी आले, तर ‘परीक्षेनंतर बघू’ म्हणू नये. लगेच डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो.

यादीतले गणित आले नाही तर काही गुण जातील. ते पुढच्या खेपेला मिळवता येतात.